सुचवणीराव यंत्रास नातीगोती शिकविल्याची हकीकत

श्रीगजानन विघ्न वारो, श्रीशारदा अक्षर सांभाळो, आणि वाचणाऱ्याचे डोळे शाबूत राहोत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, त्या सालचे हे वर्तमान. नदीपल्याडच्या राज्याच्या आक्कासाहेबांनी खलिता धाडून पुसिले की, तुमचे राज्यी लोकांस गोष्टीची पुस्तके आपोआप सुचविणारे यंत्र आहे, ते आधी वेडे होते आणि मग शहाणे जाहले ऐसे ऐकतो, तरी शहाणे कैसे जाहले ते लिहोन कळवणे, आम्हांसही बसवावयाचे आहे. तरी आक्कासाहेब, डोळ्यांनी पाहिले तैसेच लिहितो. आमची शाळा दुसरीत सुटली, सबब शुद्धलेखन पाहू नये, मजकूर पाहावा. साठ माणसांचे घर चाळीस वर्षे चालविले आहे. कोण तोंडाने काय बोलतो आणि पोटात काय ठेवतो हे कळावयास शाळा लागत नाही.

तर या राज्यी लोकांस कादंबरीचे वेड भारी. कासारणीपासून किल्लेदारापर्यंत ज्यास त्यास गोष्ट पाहिजे, आणि त्यासाठी आमच्या सासऱ्यांनी कादंबरीमहाल बांधिला, त्यात अकरा हजार पुस्तके, आणि त्यावर म्हाळसाबाई दप्तरे या कारभारीण. महालाच्या मागल्या दोन खोल्यांत त्यांचे राहणे. एका भाच्यावाचून मागेपुढे कोणी नाही, पुस्तके हेच गणगोत. वाचणारा दारात आला की बाई त्याचे तोंड पाहात आणि इतकेच विचारीत, "आज रडायचंय का हसायचं?" आणि तो सांगे, आणि बाई उठून नेमके पुस्तक काढीत, आणि ते कधी चुकले ऐसे जाहले नाही. पुढे वाचणारे वाढून बारा हजार जाहले आणि बाईंचे गुडघे दुखो लागले, तेव्हा महाराजांनी, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, विसाजीपंत कळसूत्रे नामे एक हुशार यंत्रकार दूर देशीहून शिकोन आले होते त्यांस पाचारिले, आणि पंतांनी एक काळे कपाट आणोन महालात उभे केले, त्याचे पोटात दिवे लुकलुकत. दरबारातून त्यास सुचवणीराव ऐसा किताब दिधला आणि शालजोडी पांघरली. शालजोडीने ते तापोन घोंघावू लागले, मग पंतांनी हळूच काढून घडी घातली. यंत्राचे काम ऐसे की, दर सोमवारी प्रत्येक वाचणाऱ्याच्या हातातल्या काचपाटीवर, ज्यास हल्ली मोबाइल म्हणतात, निरोप यावा की अमुक पुस्तक न्यावे, तुम्हास आवडेल. महाराजांनी विचारिले की, कोणास काय आवडते हे कपाटास कैसे कळते? पंत बोलिले, "महाराज, यंत्र पाहतं की कोणतं पुस्तक कोणाच्या घरी किती दिवस राहिलं. दिवस जितके जास्त, तितकं प्रेम जास्त. मग जे पुष्कळांच्या घरी पुष्कळ दिवस राहतं, ते इतरांना सुचवतं." दरबार वाहवा म्हणाला. आम्हीही मान डोलाविली, खोटे कशास लिहू.

मग चैत्र सरला आणि वैशाखात कल्होळ जाहला. दीर्घायन नामे एक कादंबरी आहे, नऊशे बारा पाने, महालात तिच्या प्रती ढिगाने, तिचा नायक दोनशेव्या पानी जन्मतो आणि चारशेव्या पानी त्यास दात येतात. ती कादंबरी यंत्राने कासारणीस सुचविली, किल्लेदारास सुचविली, शाळेच्या पंतोजीस, हलवायास, नव्या नवरीस, सर्वांस सुचविली. आणि ज्याने परत केली त्यास पुन्हा सुचविली. भागूबाई कासारीण आम्हांस बांगड्या भरावयास वाड्यावर आली, ती हात दाबता दाबता म्हणाली, "आईसाहेब, त्या तुमच्या कपाटाला काहीतरी सांगा की. मला प्रीतीची गोष्ट पाहिजे, आणि ते मेलं तिसऱ्यांदा मला त्या बाळाचे दात दाखवतंय. एवढ्यात माझ्या सुनेचं बाळ रांगायला लागलं!" आम्ही हसलो, परंतु लोक हसेनात. आधी निम्मे येईनासे जाहले, मग निम्म्याचे निम्मे, आणि आषाढात महालात म्हाळसाबाई, पंत, यंत्र आणि एक मांजर इतकीच वस्ती उरली.

तेव्हा दिवाण नागोजीराव, जे बोलताना मिशी आधी आणि शब्द मागाहून हलवितात, त्यांनी दरबारी अर्ज केला की, कादंबरीमहाल ओस पडिला आहे, आणि सरकारी तंबू ठेवावयास कोरडी जागा नाही, तरी पुस्तके पेट्यांत भरोन तळघरात ठेवावी, महालात तंबू ठेवावे, आणि म्हाळसाबाईंचे वय जाहले आहे, त्यांस भाच्याकडे पोचवावे. महाराजांनी मान्य केले, इतकीच सवलत दिधली की, दसऱ्यापर्यंत लोक पुन्हा येऊ लागले तर महाल राहील, नाही तर कुलूप. ही बातमी घेऊन आम्ही स्वतः म्हाळसाबाईंकडे गेलो, तो बाई खालच्या फळीची धूळ पुशीत होत्या. ऐकोन घेतले आणि म्हणाल्या, "भाच्याच्या घरी छापील म्हणाल तर एक पंचांग आहे, आईसाहेब. तेही गेल्या सालचं." इतके बोलोन पुन्हा धूळ पुसू लागल्या. रडल्या असत्या तर आम्ही समजूत घातली असती. रडल्या नाहीत, मग आम्हांस राग आला, आणि आमचा राग ज्यांनी पाहिला आहे त्यांस ठाऊक की तो घरी बसून राहात नाही.

आधी पंतांनी आपल्या डोक्याने एक सुधारणा केली. पुस्तक परत करिताना वाचणाऱ्याने तारे द्यावे, नावडले तर एक, फार आवडले तर पाच. आता आमच्या राज्याची रीत ऐसी की, पंगतीत आमटी अळणी लागली तरी वाढणाऱ्यास "छान झालीय" म्हणावे, आणि कोणाचे लिहिलेले, रांधलेले, जन्माला घातलेले, यास तोंडावर वाईट म्हणो नये. सबब ज्याने त्याने पाच तारे दिले. दीर्घायनास पाच, पाकशास्त्रास पाच, महालाच्या नियमांचा कागद चुकोन कोणाच्या पुस्तकात गेला होता त्यासही पाच. एका घराने सहावा तारा कोठे देता येतो ते विचारिले, कारण शेजारच्या घरापेक्षा कमी देणे त्यांस बरे दिसेना. पंत डोके धरोन बसले. म्हणाले, "आईसाहेब, माणसं खरं का बोलत नाहीत?" आम्ही म्हटले, "पंत, माणसे खरेच बोलतात, परंतु विचारिले त्या जागी बोलत नाहीत. चला आमच्या संगे."

मग आम्ही पंतांस घेऊन भरदुपारी भागूबाईच्या घरी गेलो. ती लगबगीने उठली, सतरंजी घातली, पाणी दिले. आम्ही म्हटले, "भागूबाई, दीर्घायन तुझ्या घरी महिनाभर होते ऐसे यंत्र सांगते." ती म्हणाली, "आहे की अजून," आणि आत नेऊन दाखविले. लोणच्याच्या बरणीवर फडके, फडक्यावर दीर्घायन. "दगड ठेवला तर बरणी फुटते, आईसाहेब. याचं वजन अगदी बेताचं आहे." पंतांनी वही काढिली होती ती हातातच राहिली. आम्ही विचारिले, "आणि जे आवडले ते कोठे आहे?" तिने बांगड्यांच्या टोपलीखालून एक पुस्तक काढिले, त्याचे पुठ्ठे सुटलेले, पानांवर हळदीची बोटे, मध्ये कोणाचा तरी केसांचा आकडा खुणेस ठेविलेला. "हे परवा आणलं, आज परत जाणार. पुढचा भाग दुसऱ्या कोणी न्यायच्या आत मला पाहिजे." पंत म्हणाले, "पण दोन दिवसांत एवढी हळद कशी लागली?" भागूबाईने त्यांच्याकडे ऐसे पाहिले जैसे काही हा माणूस आभाळातून पडला. "पंत, दोन दिवसांत ते पाच घरी जाऊन आलं. मी चहाला उठले की शेजारची वाचते, ती भाकरीला बसली की तिची जाऊ वाचते. भिंतीवरून देतो-घेतो आम्ही. हे काय, महालात येऊन सांगायचं असतं होय?"

वाटेत आम्ही पंतांस म्हटले की, "नावडते पुस्तक महिनाभर राहते, कारण ते परत नेण्यासही कोणी पायात चपला घालीत नाही, आणि आवडते ते दोन दिवसांत परतते. तुमचे कपाट वजनास प्रीती समजले." पंत म्हणाले, "मग हिशेब उलटा करतो." आम्ही म्हटले, "उलटा केलात तरी निम्माच सुधारेल, कोणी चार पाने वाचोनही दुसऱ्या दिवशी आणून आपटील. विचारावे लागेल. परंतु आवडले का ऐसे विचाराल तर पुन्हा पाच तारे. ऐसे विचारा की, हे पुस्तक पुढे कोणास द्यावे? पुस्तक भिंतीवरून कोणाच्या हाती जाते, यातच सगळे आले." पंतांस ते फार पटले, आणि त्यांनी तीन दिवसांत यंत्रास तो प्रश्न शिकविला, आणि श्रावणात काचपाट्यांवरून उत्तरे येऊ लागली, आणि पंतांनी हर्षाने पेढे वाटले की, दीर्घायन पुढे द्यावे ऐसे तीनशे चाळीस बायकांनी कळविले आहे!

आम्ही पेढा तोंडात घालण्यापूर्वी विचारिले, "कोणास द्यावे म्हणतात?" पंत म्हणाले, "बहुतेक सगळ्या म्हणतात, माझ्या विहीणबाईंना. यंत्राने सकाळीच तसे निरोप धाडले." पंतांचे लग्न व्हावयाचे होते, सबब विहीण ही काय वस्तू हे त्यांस ठाऊक नव्हते. आम्ही पेढा खाली ठेविला. तो सोमवार होता. निरोपात यंत्राने मोठ्या अगत्याने नावगाव घालोन लिहिले होते की, तुमच्या अमुक विहीणबाईंनी खास तुमच्याकरिता हे सुचविले आहे. आणि ज्या ज्या बाईस तो पोचला, तिने पुस्तक चाळिले, नायकास दात येईस्तोवर धीर धरिला, आणि मग पदर खोचोन व्याह्याच्या घरी गेली. मध्यान्हीपर्यंत राज्यात अडीचशे भांडणे. एका दारात एक म्हणे, "मला नऊशे पानं? लेक दिली तुम्हाला, वर हेही?" दुसरी म्हणे, "तुम्ही लग्नात मानपानाला विटलेली पैठणी दिलीत, ती मी काही बोलले का?" आणि वीस वीस वर्षे गिळून ठेविलेले एका दुपारात बाहेर आले. आमच्या सुनेच्या मातोश्रीही पालखीतून उतरल्या, दीर्घायन आमच्या पुढ्यात ठेविले आणि म्हणाल्या, "विहीणबाई, आपली आठवण पोचली हो." आम्ही त्यांस चहा पाजिला आणि कपाटाचा दोष सांगितला. आक्कासाहेब, तुम्हांस म्हणोन खरे लिहितो, तो दोष कपाटाचा नव्हता.

मग संध्याकाळी पंत आले ते कान धरोनच आले. आम्ही म्हटले, "कान सोडा आणि बसा, आज नाती शिका." आणि म्हाळसाबाईंसही बोलावून घेतले, कारण चाळीस वर्षे कोण कोणासाठी काय नेतो हे त्यांनी पाहिले होते. मग आम्ही आणि बाई सांगत गेलो आणि पंत लिहीत गेले. सख्ख्या बहिणीस आणि मैत्रिणीस जे द्यावे म्हणतात ते खरे आवडीचे, त्यात शंका नाही. माहेरच्या वहिनीस द्यावे म्हणाली तर आवडलेच, शिवाय आत काही रडणे आहे. विहिणीस म्हणजे नावडले, आणि व्याह्यांस म्हणजे फारच नावडले. पंत म्हणाले, "आणि नणंदेला?" म्हाळसाबाई म्हणाल्या, "नणंद सासरी नांदत असेल तर आवडलं धरा. माहेरी राहायला आली असेल तर थांबा, महिनाभराने पुन्हा विचारा." पंत म्हणाले, "हे यंत्राला कसं सांगू?" आम्ही म्हटले, "आम्हांस कोणी सांगितले होते? सोळाव्या वर्षी या घरात आलो आणि आठ दिवसांत शिकलो. तुमचे कपाट आमच्याहून हुशार म्हणविते ना?" मग बाईंनी आणखी एक मोलाची गोष्ट सांगितली की, "कोणी म्हणालं, नको, मी नाही कोणाला देणार, माझ्याकडेच राहू दे, तर पंत, ते सगळ्यात वरचं. त्याच्यापुढे तुमचे पाच तारे काहीच नाहीत." पंतांनी ते दोनदा लिहिले. आणि शेवटी आम्ही ताकीद केली की, सुचविणाऱ्याचे नाव यापुढे यंत्राने मेले तरी सांगो नये. पंत म्हणाले, यंत्र मरत नाही. आम्ही म्हटले, आज वाचले ते आमच्यामुळे.

भाद्रपदापासून फरक दिसो लागला. भागूबाईस प्रीतीच्या गोष्टी येऊ लागल्या. किल्लेदारास, जो दहा वर्षे लढायांचीच पुस्तके नेई, यंत्राने दोन म्हाताऱ्या बहिणींची एक विनोदी गोष्ट सुचविली, कारण त्याच्याच मित्रांनी ती एकमेकांस द्यावी म्हटले होते, आणि तो हसत हसत दुसरी मागावयास आला. परंतु विहिणींच्या प्रकरणात महिना फुकट गेला होता, आणि दसऱ्याच्या आदले दिवशी सकाळी नागोजीराव वीस हमाल, तंबूंच्या गाड्या आणि हातभर कुलूप घेऊन महालाशी आले तेव्हा आत माणसे होती, परंतु गर्दी म्हणावी ऐसी नव्हती. म्हाळसाबाईंनी आपली पेटी बांधोन दाराशी ठेविलीच होती. आम्ही म्हटले, "दिवाणजी, लोक येत आहेत." ते म्हणाले, "आईसाहेब, क्षमा असावी, लोक विहिणींच्या गमती ऐकायला येतात. त्या कपाटाला कोणाचं मन काय कळणार? शहाण्या माणसाला ते काही देऊ शकत नाही." आता इथे आमची जीभ सुटली. आम्ही म्हटले, "मग शहाणे तुम्हीच. उभ्या जन्मात या महालातून पुस्तक नेले नाहीत, तर कपाट तुम्हास काय सुचविते ते पाहू. एक पान वाचा. वाचोन खाली ठेविलेत तर ते कुलूप आम्ही आमच्या हाताने लावू." पंत आमच्या कानाशी लागोन म्हणाले, "आईसाहेब, दिवाणजींची एकही नोंद यंत्रात नाही, ते रिकामं पान देईल." शब्द तर गेला होता. आम्ही वरून ताठ उभे राहिलो, आतून काय जाहले ते आम्हांस ठाऊक.

पंतांनी नागोजीरावांचे नाव घातिले, आणि कपाट लुकलुकले, आणि लगेच उत्तर आले: शिडाखालचे वऱ्हाड, भाग पहिला. मागाहून कळले ते ऐसे की, दिवाणजींच्या सौभाग्यवती उमाक्का श्रावणापासून पुस्तके नेत, आणि पुढे कोणास द्यावे या प्रश्नास त्यांनी चार वेळां उत्तर दिधले होते की, आमच्याकडल्यांना द्या, त्यांना फार आवडेल, पण ते कबूल करायचे नाहीत. दिवाणजींनी पुस्तक हाती घेतले, नाक मुरडिले, आणि हमालांस ऐकू जाईल ऐसे म्हणाले, "वऱ्हाड! बायकांची गोष्ट!" आणि उभ्याउभ्या पहिले पान वाचिले. त्यात एक अख्खे लग्नाचे वऱ्हाड गलबतातून परगावी निघाले आहे आणि नवरदेवास पाण्याची भीती आहे. पान संपले. ते पुस्तक खाली ठेवतील म्हणोन सगळे पाहात होते. त्यांनी पान उलटिले. मग मिशी हलली, शब्द आला नाही. मग एक हात मागे नेऊन चाचपू लागले, तेव्हा म्हाळसाबाईंनी आपली बांधलेली पेटी त्यांच्या मागे सरकविली, आणि दिवाणजी तिजवर बसले. हमाल बसले. बैल सोडिले. एक हमाल म्हणाला, "सरकार, तंबू उतरवू?" दिवाणजी म्हणाले, "थांब रे, वादळ आलंय." हमालाने बाहेर पाहिले, ऊन लख्ख पडले होते.

जेवणवेळ टळली आणि तिसरा प्रहर जाहला, मग दिवाणजींनी शेवटले पान वाचिले आणि दचकून मान वर केली. "बाई, नवरदेव समुद्रात पडला!" म्हाळसाबाई म्हणाल्या, "हो." "मग? वाचला का?" "ते दुसऱ्या भागात." "सांगा की!" "चाळीस वर्षांत कोणाला पुढचं सांगितलं नाही, तुम्हाला कशी सांगू?" "मग दुसरा भाग आणा!" बाईंनी वही पाहिली. "तो भागूबाई कासारणीकडे आहे. तिच्यामागे सहा जण थांबलेत, तुम्ही सातवे. दर घरी दोन दिवस धरले तर चवदा दिवस लागतील." दिवाणजी उभे राहिले आणि म्हणाले, "मी दिवाण आहे. हुकूम करतो, आत्ता मागवा." बाई म्हणाल्या, "हुकूम तर तुमच्याच खिशात आहे, दिवाणजी. आज महालाला कुलूप लागणार. बंद महालातून पुस्तक कोणालाच मिळत नाही, दिवाणालाही नाही." कोणी हसले नाही, हसण्याची कोणाची छाती होती? दिवाणजींनी खिशातून हुकूम काढिला, उलटसुलट पाहिला, पंतांची लेखणी मागितली आणि त्याचे खाली लिहिले की, महाल पाहिला, गजबजलेला आढळला, सबब तंबूंस अन्य जागा पाहावी. शिक्का केला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "सातवा म्हणजे नक्की सातवाच ना? मधे कोणी घुसणार नाही ना?" म्हाळसाबाई म्हणाल्या, "नाव सांगा," आणि चाळीस वर्षे ज्यास ओळखीत होत्या त्याचे नाव अक्षर अक्षर विचारोन वहीत घातिले.

येणेप्रमाणे यंत्र शहाणे जाहले, महाल राहिला, तंबू पागेत गेले, आणि म्हाळसाबाईंनी पेटी सोडून लुगडी पुन्हा दांडीवर घातिली. आक्कासाहेब, यंत्र खुशाल बसवा, यंत्रकारही देतो, परंतु लग्न जाहलेला मागा. आमच्या पंतांस स्थळे पाहणे चालू आहे. इति वर्तमान, कळावे, आणि वाचून जाहल्यावर हा कागद पुढे कोणास दिलात तेही कळवावे.